बाबलीचा उजवा कौल

बाबली परबाचा विषय निघाला की गावात पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "काय हात होतो रे तेचो." मी ते ऐकतो आणि गप्प बसतो, कारण तोंड उघडलं तर भांडण होईल, आणि या वयात मला भांडण झेपत नाही. हात होता, हे खोटं नाही. तो हात मीच तयार केला. पण गाडी हाताने चालते असं ज्याला वाटतं त्याने आयुष्यात बैलगाडीसुद्धा हाकलेली नसावी. गाडी चालवायची म्हणजे निम्मा वेळ थांबायचं असतं. बाबलीला थांबणं ही गोष्ट आईच्या पोटातून मिळालीच नव्हती.

मी गंगाराम. कट्टा गावच्या दाजीशेटच्या लॉरीवर एकवीस वर्षं ड्रायव्हर होतो. लॉरी लढाईत वापरून लिलावात काढलेली. हँडल मारून मारून खांदा निखळायची वेळ यायची तेव्हा कुठे ती खोकायला लागायची. मालवणची मासळी आणि मोसमात आंबा घेऊन फोंडा घाट चढून कोल्हापूरला जायचं, येताना गूळ-कांदे मिळाले तर आणायचे, नाहीतर रिकामं यायचं. रस्ता तांबड्या मातीचा. पुढे दुसरी गाडी असली की मागच्याने तोंडाला पंचा बांधून तिचा धुरळा खायचा, ही रीत. मी ती एकवीस वर्षं पाळली आणि म्हणून आज हे सांगायला बसलो आहे.

बाबलीचा बाप बाळा माझा मैतर. मचव्यावर खलाशी होता. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात जायचं नाही हे आमच्याकडे दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. त्या वर्षी पौर्णिमेला चार दिवस राहिले होते, पाऊस उघडल्यासारखा झाला आणि बाळाच्या अंगात आलं. दोघांना बरोबर घ्यायचा प्रयत्न केला, ते आले नाहीत, तर एकटाच गेला. मचवा तिसऱ्या दिवशी सापडला, बाळा सापडला नाही. गाव म्हणालं, समुद्राला नारळ द्यायच्या आधी गेला, म्हणून गेला. फक्त त्याची बायको नर्मदा म्हणाली, "तेंका वारो सुटलेलो दिसत होतो." एवढंच बोलली आणि परत त्यावर बोलली नाही. तेव्हा बाबली आठ वर्षांचा होता.

शाळेत त्याचं नाव हरिश्चंद्र. हे नाव मास्तरांखेरीज कुणी घेतलं नाही, आणि मास्तरांनाही फार दिवस घ्यावं लागलं नाही. चौथीत असताना एकदा छडी बसली, तसा हा खिडकीतून बाहेर पडला आणि चालू लागला. चार दिवसांनी वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर सापडला. कशाला गेलास विचारलं तर म्हणाला, "आगबोट बघूक." अरे गाढवा, आगबोट मालवणलाही लागते. ते त्याच्या डोक्यात वेंगुर्ल्याला पोचल्यावर आलं असणार.

पुढे सुताराकडे ठेवला, तीन आठवड्यांत पटाशी फेकून आला. मुंबईला मामाकडे धाडला, तिथे मुकादम काहीतरी टाकून बोलला, तर हा त्याच आठवड्याच्या आगबोटीने परत. नर्मदा बिचारी मुंबईहून मनिऑर्डर येईल म्हणून पोस्टाच्या वाटेकडे डोळे लावून होती, आणि दारात हा उभा. वर हसतोय. त्याचं हसू असं होतं की चिडलेल्या माणसाचा राग निम्म्यावर यायचा. मी त्या हसण्याला फार वेळा फसलो.

आणि एक सांगितलं नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. एका श्रावणात व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पूर आला आणि वाडीतल्या जानकीचं वासरू वाहून चाललं. काठावर आम्ही पंधरावीस बाप्ये उभे होतो. कुठून धरावं, दोर कुठे बांधावा, असली चर्चा चालू होती. बाबलीने मागून येऊन धाडकन उडी टाकली. वासरू काढलं. मांडीला हे एवढं खरचटलं होतं, तरी हा हसतोय. जानकीने त्याच्यावरून मीठ-मोहरी उतरून टाकली. सगळं गाव त्याला डोक्यावर घेऊन नाचलं. पाणी किती आहे हे उडीच्या आधी त्याने पाहिलं नव्हतं, हे मला दिसलं होतं. पण त्या दिवशी ते बोलून मी कशाला वाईट व्हावं? मीसुद्धा त्याच्या पाठीवर थाप मारली. आज वाटतं, त्या थापांचा हिशेब देवाने आमच्याकडे मागायला हवा होता.

सतरा-अठराव्या वर्षी तो माझ्या लॉरीवर आला. दोन महिन्यांत असा तयार झाला की मी थक्क झालो. इंजिनाचा आवाज ऐकून गिअर टाकायचा, घाटात क्लच जळू द्यायचा नाही, चाक खड्ड्याच्या कडेने असं काढायचा की मागच्या आंब्याच्या पेटीला धक्का लागू नये. मला हे यायला तीन वर्षं लागली होती. मी मनात खूष झालो. शिकवणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

मग एकदा घाट उतरताना मी त्याला स्टेअरिंग दिलं. पुढे एक बस होती, धुरळा उडवत. दोन वळणं त्याने सोसलं. तिसऱ्या वळणावर भोंगा दाबला आणि उजवीकडून घातली. खाली दरी, समोरचं काही दिसत नाही. बसच्या पुढे निघाल्यावर मी गाडी थांबवायला लावली आणि त्याच्या थोबाडीत दिली.

"कित्याक घातलंस?"

"दुसऱ्याचो धुरळो आपण कित्याक खावचो, काकानू?"

"समोरसून गाडी इली असती तर?"

"येवक नाय ना," तो म्हणाला. मग माझं तोंड बघून रडायला लागला. पाय धरले. "चुकी झाली, काकानू. परत होवची नाय." दुसऱ्या दिवशी माझ्या घरी ताजे पेडवे मासे घेऊन आला. पश्चात्ताप खरा होता, त्यात नाटक नव्हतं. पण बाबलीला पश्चात्ताप नेहमी मागून व्हायचा आणि फार लवकर संपायचा. तिसऱ्या दिवशी कसालच्या पुढे त्याने तेच केलं.

अशी पोरं मी पुढे खूप पाहिली. त्यांना मरायचं नसतं. दुसऱ्याला मारायचंही नसतं. एखादी गोष्ट मनात आली की ती आणि हात यांच्यामध्ये जो दम खायचा असतो, तेवढा त्यांच्याकडे नसतो. रागावले तरी तेच, आनंदात असले तरी तेच. आनंदात जास्तच. बाबली गाणं म्हणायला लागला की मी स्टेअरिंग काढून घ्यायचो.

त्याच सुमाराला एका सकाळी नर्मदा माझ्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. बाळाच्या मागे तिने लोकांच्या शेतात राबून हा एक पोर वाढवला होता, दुसरं तिला कुणी नव्हतं.

"भावजी, तुमी हो म्हटल्याबिगर दाजीशेट तेच्या हातात गाडी देवचे नाय, ह्या माका म्हायत आसा," ती म्हणाली. "तुमी हो म्हणू नकात."

"वयनी, पोरगो हुशार आसा."

"तां माका सांगू नकात. तो वायट नाय, पण तेका धीर नाय. बापाशीसारखो. तिशी होवंदे, लगीन होवंदे, मगे काय तां बघू. तवसर तुमच्या बाजूक बसवा. मी दुसऱ्या कोणाक सांगू?"

मी म्हटलं, "माजो शब्द आसा, वयनी." ती मान हलवून गेली. शब्द देताना माणसाला काय लागतं? जीभ उचलली की झालं.

अठ्ठावन्न सालच्या दसऱ्याला दाजीशेटने दुसरी लॉरी आणली. झेंडूची माळ, नारळ, सगळं झालं आणि दाजीशेट मला म्हणाले, "हिच्यावर बाबलीक बसवूया." लायसन त्याला आधीच मिळालं होतं. साहेबासमोर सरळ रस्त्यावर मैलभर गाडी नेली, वळवली, परत आणली. साहेब खूष. त्या मैलात त्याला थांबायला लागेल असं काही आडवं आलं नाही, त्याला साहेब काय करणार?

मी नाही म्हटलं. दाजीशेटने कारण विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, मग दुसरा ड्रायव्हर आण. कुठून आणू? दहा कोसांत लॉरी हाकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. नवी गाडी महिनाभर ताडपत्री घालून उभी राहिली, आणि लोकांची तोंडं सुरू झाली. कट्ट्याच्या चहाच्या दुकानात मी शिरलो की बोलणं थांबायचं. मग एकाने मला ऐकू जाईल असं म्हटलं, "म्हाताऱ्याक आपल्या चेल्याचो हात बघवणा नाय." मी बेचाळीस वर्षांचा होतो तेव्हा. म्हातारा.

ते मला लागलं. फार लागलं. बाबलीचा उतावीळपणा मी सांगत बसलो, पण माझ्यात काय कमी होतं? चार टवाळ लोक मला जळका म्हणतात, एवढ्यावरून माझा पाय डगमगला.

बाबली बोलायचा बंद झाला. एक दिवस मात्र समोर येऊन म्हणाला, "काकानू, लायसन सायबान दिला, गाडी शेट देतत. तुमीच कित्याक अडवतास?" त्याच्या आवाजात रागापेक्षा दुखणं जास्त होतं. आईने सांगितलं आहे, असं मी त्याला सांगू शकलो असतो. त्याला सांगू नका, असं तिने म्हटलं नव्हतं. पण मी म्हणालो, "बघूया."

मग दाजीशेटने तोडगा काढला. "देवाक इचारूया," ते म्हणाले. "कौल घेवया. देव सांगात तसा."

आमच्या गावात विहीर कुठे खणायची, सोयरीक जुळवायची की नाही, होडी पाण्यात कधी घालायची, हे सगळं कौल लावून ठरतं. त्याला मी नावं ठेवत नाही. जे माणसाला दिसत नाही ते देवाला विचारावं. पण जे धडधडीत डोळ्यांना दिसतंय ते देवाच्या गळ्यात घालायचं, ही लबाडी. आणि खरं सांगतो, दाजीशेटच्या तोंडून कौल हा शब्द निघाला तेव्हा माझ्या छातीवरची धोंड उतरली. आता हो म्हणायला नको आणि नाहीही म्हणायला नको. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

सोमवारी सकाळी देवळात जमलो. गणपत गुरवाने देवाच्या पाषाणाला पाण्याने भिजवून फुलाच्या पाकळ्या लावल्या, उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गावच्या मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुज्या लेकराच्या हाती नवी गाडी देवची आसा. हरकत नसात तर उजवो कौल दी, आसात तर डावो दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. चांगला मोठ्याने.

गाडी द्यायची का, एवढंच देवाला विचारलं. हा पोर पुढची बैलगाडी वळणावर जाईपर्यंत पन्नास आकडे मोजेल का, हे कुणी विचारलं नाही. ते मला विचारायला हवं होतं, आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. उजवी पाकळी बघता बघता सुटली. बाबलीने देवापुढे लोटांगण घातलं, मग माझ्या पायावर डोकं ठेवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

नर्मदा त्या वेळी कुणाच्या तरी शेतात भात कापत होती. तिला बोलवायला कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही. संध्याकाळी तिच्या दारावरून जाताना ती पायरीवर बसलेली दिसली. मी पावलं उचलली आणि निघून गेलो.

त्यानंतर बाबलीला धरणारं कुणी राहिलं नाही. आधी निदान तो माझ्याकडे चोरून बघायचा. आता देवाने हो म्हटलं होतं. घाटात मी त्याला तीनदा समोरून येताना पाहिलं, तिन्ही वेळा माझ्या बाजूने. मला बाजूला घ्यायला लावून भोंगा वाजवत, हात हलवत गेला. सकाळी निघायला हयगय करायचा, आणि मग तो वेळ रस्त्यावर वसूल करायचा. गावात त्याची वाहवा. कोल्हापूरला एवढ्या तासांत पोचला, तेवढ्या तासांत आला. मी एकदा दाजीशेटला म्हटलं, जरा बोला त्याला. ते हसले. "देवान दिलेलो ड्रायव्हर तो, गंगाराम. तू कोण आणि मी कोण?" बरोबर आहे, म्हटलं मी. मूग गिळून बसायला मला तेवढं पुरलं.

सहा महिने असेच गेले.

वैशाखात, सकाळचे अकरा वाजले असतील. बाबली कोल्हापूरला आंबा उतरून परत येत होता. गाडी रिकामी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोक म्हणतात धंद्याची घाई होती. कसली घाई? गाडीत काही नव्हतं, कुणी वाट बघत नव्हतं, जेवायला अजून तासभर होता. कट्टा दोन मैलांवर राहिलं होतं. तिथे एक उतार आहे आणि उताराखाली व्हाळावर अरुंद मोरी. पुढे शिवा गाडीवानाची गवताने भरलेली बैलगाडी चालली होती. गवत इतकं की पलीकडचं काही दिसत नव्हतं. मोरी ओलांडली की रस्ता रुंद होतो. तिथवर बैलांच्या मागे राहायचं होतं, झालं.

तो राहिला नाही.

समोरून अस्लमची लॉरी येत होती, मासळीने भरलेली. अस्लम मालवणचा, माझ्याच वयाचा, डोकं शांत ठेवून गाडी हाकणारा माणूस. त्याने ब्रेक दाबले, गाडी कडेच्या आंब्याला टेकवली, त्याच्याकडून जे होण्यासारखं होतं ते सगळं केलं. बाबलीने गाडी डावीकडे ओढली. ती बैलगाडीला घासत मोरीवरून खाली व्हाळात गेली. व्हाळ कोरडा होता. एक बैल जागीच गेला, शिवाचा पाय मांडीतून मोडला तो पुढे कापावा लागला. बाबली गाडीखाली.

मी पोचलो तेव्हा अस्लम मोरीच्या कठड्यावर डोकं धरून बसला होता.

"तो माका बघून हसलो, गंगारामभाय," तो म्हणाला. "गवताच्या आडसून भायर इलो, माका बघलो आणि हसलो. ओळखीचो माणूस भेटल्यासारखो."

त्याला एकविसावं वर्ष होतं की बाविसावं, हे त्या दिवशी आम्ही मोजत होतो. पोलिसांना वय लिहून घ्यायचं होतं आणि आई शुद्धीवर नव्हती. शेवटी मीच सांगितलं, एकवीस.

तेराव्यानंतर गावाने पुन्हा कौल लावला. बैल गेला आणि झोपा केला, पण या वेळी बैलही खरोखरचा होता. प्रश्न असा की देवाने उजवा दिला असताना असं का झालं? मग एकेक गोष्ट विचारत गेले. पूजेच्या वेळी लॉरीचं तोंड चुकीच्या दिशेला होतं का? नाही. घरात कुणाचा नवस फेडायचा राहिला होता का? नाही. घाट राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ द्यायचा राहिला होता का? उजवी पाकळी पडली. देवळात सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. सापडलं. दाजीशेटने दुसऱ्या दिवशी पाच नारळ पाठवले. आजही त्या घाटात नवी पोरं गाडी थांबवतात, नारळ फोडतात, हात जोडतात, आणि तिथून सुटतात ती बाबलीसारखीच. शिवा कुबडी घेऊन कट्ट्याच्या स्टँडवर विड्या विकत बसायचा. त्याचं काय चुकलं होतं ते विचारायला कुणी कौल लावला नाही.

मीही सुटलो होतो. देवाने दिलं, राखणदाराने नेलं, यात गंगाराम कुठे येतो? माझ्याकडे बोट दाखवायला कुणी शिल्लक नव्हतं. तरी चौदा-पंधरा दिवसांनी मी नर्मदेकडे गेलो. का गेलो? तिने म्हणावं, तुमचा दोष नाही, म्हणून गेलो. दुसरं काही नव्हतं मनात.

ती खळ्यात मिरच्या वाळत घालत होती. मला बघून उठली, आतून गूळ आणि पाणी आणून समोर ठेवलं. मी पाणी प्यालो. राखणदाराचं सांगितलं, नारळ पाठवल्याचं सांगितलं. ती मिरच्या पसरत राहिली. मग मी ते बोललो ज्यासाठी आलो होतो.

"वयनी, देवान उजवो कौल दिललो. माज्या हातात काय होता?"

तिने मान वर केली नाही.

"देवाक मी कायएक इचारूक नाय होतंय, भावजी," ती म्हणाली. "मी तुमका सांगलेलंय."